इंटरनेट तीनदा पडलं, आणि तिन्ही वेळा चूक निघाली कॉलेजच्या पुस्तकातली

२०२५ च्या शेवटच्या तीन महिन्यांत इंटरनेटचा मोठा भाग तीनदा बंद पडला. २० ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, स्नॅपचॅट, कॅनव्हा, रोब्लॉक्स, फोर्टनाइट, पर्प्लेक्सिटी असं बरंच काही उघडेना. १८ नोव्हेंबरला एक्स आणि चॅटजीपीटी गेलं. ५ डिसेंबरला भर दुपारी, शेअर बाजार चालू असताना, झिरोधा आणि ग्रो थांबले.

असं काही झालं की पहिला फॉरवर्ड ठरलेला असतो: सायबर हल्ला झाला, अमुक देशाने केला, बँकेतले पैसे काढून घ्या. तिन्ही वेळा हल्ला वगैरे काही नव्हता. पहिल्या घटनेत ॲमेझॉनची एडब्ल्यूएस ही क्लाउड सेवा होती आणि नंतरच्या दोन्हींत क्लाउडफ्लेअर. दोन्ही कंपन्यांनी काय चुकलं याचे सविस्तर अहवाल स्वतःच प्रसिद्ध केले. ते मी वाचले तेव्हा गंमत वाटली, थोडी भीतीही वाटली. कारण जगातल्या सगळ्यात भारी इंजिनिअर लोकांच्या सिस्टीम ज्या गोष्टींमुळे पडल्या, त्या आपल्याकडे बीसीए, बीएस्सी सीएस किंवा डिप्लोमाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. डीएनएस, रेस कंडिशन, ॲरेची मर्यादा, एसक्यूएलमधला व्हेअर आणि नल. म्हणजे व्हायव्हाच्या आदल्या रात्री पाठ करून दुसऱ्या दिवशी विसरायचे टॉपिक.

मला अनेक विद्यार्थी विचारतात की आता कोड एआय लिहून देतो, मग ही थिअरी कशाला? उपदेश करण्यापेक्षा या तीन दिवसांत नेमकं काय झालं तेच सांगतो.

२० ऑक्टोबर: माणूस घरी, फोन चालू, पण नंबरच पुसला गेला

तुमच्या फोनमध्ये आईचा नंबर ‘आई’ या नावाने सेव्ह आहे. नंबर तुम्हाला पाठ नसेलही. तुम्ही नाव दाबता, फोन नंबर शोधतो आणि कॉल लागतो. इंटरनेटवर हेच काम डीएनएस करतं. वेबसाइटचं नाव आपल्यासाठी, मशीनसाठी असतो आयपी ॲड्रेस, म्हणजे आकड्यांचा पत्ता. तुम्ही ॲप उघडलं की फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो, ‘या नावाचा पत्ता काय?’ उत्तर आलं की मगच खरं बोलणं सुरू होतं. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं, म्हणून आपल्याला कळतही नाही.

फरक एकच. आईचा नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. मोठ्या क्लाउड सेवेमागे हजारो मशीन असतात, त्यातल्या काही बिघडतात, काही नव्या येतात, काहींवर लोड वाढतो. त्यामुळे नावामागचे पत्ते सतत बदलावे लागतात. हे हाताने करणं अशक्य, म्हणून त्यासाठी सॉफ्टवेअर असतं.

एडब्ल्यूएसचा डायनॅमोडीबी नावाचा डेटाबेस आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात त्यांचं सगळ्यात जुनं रीजन आहे, तिथल्या डायनॅमोडीबीचे पत्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर दोन भागांत होतं. एक प्लॅनर, जो ‘आता या नावामागे हे पत्ते ठेवा’ अशी यादी बनवायचा. दुसरा एनॅक्टर, जो ती यादी डीएनएसमध्ये लावायचा. एनॅक्टर तीन होते, वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांवर अवलंबून नसलेले. एक बंद पडला तरी काम थांबू नये हा हेतू. विचार अगदी बरोबर होता.

आता कॉलेजच्या नोटीस बोर्डाची कल्पना करा. ऑफिस वेळापत्रक बनवतं आणि तीन शिपायांपैकी कोणीही ते बोर्डावर लावतं. नियम असा की लावण्याआधी आपल्या हातातलं वेळापत्रक बोर्डावरच्यापेक्षा नवं आहे ना, ते बघायचं. पहिल्या शिपायाने बघितलं, नवं होतं. तो निघाला आणि वाटेत कुठेतरी अडकला. तेवढ्या वेळात ऑफिसने आणखी बरीच नवी वेळापत्रकं काढली. दुसऱ्या शिपायाने सगळ्यात ताजं बोर्डावर लावलं आणि मग तो जुनी वेळापत्रकं फाडायच्या कामाला लागला. इतक्यात पहिला पोचला. ‘मी मघाशीच बघितलंय, माझं नवं आहे’ असं म्हणत त्याने ताजं काढून आपलं जुनं लावलं. दुसऱ्याने पाहिलं, अरे हे तर फारच जुनं! त्याने ते फाडलं. बोर्ड कोरा.

२० ऑक्टोबरला भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी जवळपास हेच झालं. एक एनॅक्टर नेहमीपेक्षा खूप मागे पडला, दुसरा पुढे गेला, मागे पडलेल्याने जुनी यादी नव्यावर चढवली आणि पुढच्याच्या साफसफाईने ती जुनी यादी पुसून टाकली. डायनॅमोडीबीच्या नावामागे एकही पत्ता उरला नाही. मशीन चालू होत्या, डेटा सुरक्षित होता, कोणाला फक्त तिथपर्यंत जाता येत नव्हतं. सिस्टीम अशा विचित्र अवस्थेत अडकली की तिला स्वतःला ते दुरुस्तही करता येईना. शेवटी माणसांना हात घालावा लागला.

पुस्तकात याचं नाव रेस कंडिशन. ऑपरेटिंग सिस्टीमच्या विषयात येतं. दोन कामं एकाच गोष्टीला एकाच वेळी हात लावतात आणि निकाल कोण आधी पोचलं यावर ठरतो. तुम्हाला शिकवताना बहुधा बँकेच्या खात्याचं उदाहरण दिलेलं असेल: खात्यात ५०० रुपये, दोन फोनवरून एकाच क्षणी ४०० काढायची विनंती, दोघांनाही शिल्लक ५००च दिसते आणि दोघांनाही ४०० मिळतात. यात एक बारकावा आहे आणि माझ्या मते तोच शिकण्यासारखा आहे. शिपायाने तपासलं नव्हतं असं नाही. तपासलं होतं. पण तपासणं आणि लावणं यांच्यामध्ये वेळ गेला आणि त्या वेळात जग बदललं. ‘आधी इफ टाकला होता की’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. तपासणं आणि करणं यांच्यामध्ये तिसऱ्या कोणालाही शिरता येणार नाही अशी सोय लागते. लॉक, म्युटेक्स, सेमाफोर, डेटाबेसमधली ट्रान्झॅक्शन ही सगळी मंडळी त्याच कामासाठी जन्माला आली.

आणखी एक गोष्ट. हा बग रोज दिसत नाही. सहसा एनॅक्टरचं काम पटकन संपायचं, त्यामुळे दोघांची गाठच पडायची नाही. म्हणून टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं दिसतं. कॉलेज प्रोजेक्टच्या डेमोला ॲप मस्त चालतं आणि गॅदरिंगच्या रजिस्ट्रेशनला एकदम दोनशे जण आले की एकच सीट दोघांना जाते, तो हाच प्रकार.

लाइट आली आणि डीपी उडाली

पत्ते परत आले दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी. म्हणजे साधारण अडीच तास. मग सगळं तिथेच संपायला हवं होतं ना? पण एडब्ल्यूएसच्या सेवा पूर्ण सुरळीत व्हायला आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. का?

हे शहरातल्या मुलांपेक्षा गावाकडच्या मुलांना लवकर कळेल. लोडशेडिंगनंतर लाइट येते. शिवारातल्या बहुतेक कृषिपंपांना ऑटो स्विच लावलेले असतात. लाइट आली रे आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू व्हायला बघतात आणि ट्रान्सफॉर्मरवर इतका ताण येतो की तो जळतो. लाइट येऊनही पुन्हा अंधार. ऑटो स्विच काढून टाका असं महावितरण शेतकऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगतं ते याचसाठी.

एडब्ल्यूएसमध्ये नवे सर्व्हर सुरू करून देणारी एक यंत्रणा आहे. प्रत्येक प्रत्यक्ष मशीनबरोबर तिचा एक छोटा करार असतो, तो ठरावीक वेळाने नूतनीकरण करावा लागतो आणि त्यासाठी डायनॅमोडीबी लागतो. डायनॅमोडीबीच गायब, त्यामुळे करार एकेक करून संपत गेले. तो परत आला तेव्हा संपलेले करार इतके साचले होते की यंत्रणा एक करार पूर्ण करेपर्यंत त्याची मुदत पुन्हा संपायची. मग तो परत रांगेत. कामाचा डोंगर वाढतोय, पुढे काहीच सरकत नाहीये. इंजिनिअर लोकांनी येणारं काम मुद्दाम रोखलं आणि काही मशीन निवडून रीस्टार्ट केल्या, तेव्हा कुठे रांग हलली.

तुमच्या ॲपमध्ये ‘फेल झालं तर लगेच पुन्हा ट्राय कर’ असा लूप असेल, तर तुम्हीही ऑटो स्विच बसवलाय असं समजा. प्रोग्रामिंगमध्ये यावर जुना उपाय आहे. पहिल्यांदा फसलं तर १ सेकंद थांबा, मग २, मग ४, मग ८ आणि त्यात थोडा यादृच्छिक फरकही मिसळा, म्हणजे सगळे फोन एकाच ठोक्याला परत येणार नाहीत. याला एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ म्हणतात. लिहायला दहा ओळी पुरतात.

‘पण एडब्ल्यूएसचं मुंबई रीजन आहे ना?’ हो, २०१६ पासून आहे आणि २०२२ पासून हैदराबादलाही आहे. पण आपण वापरतो ती अनेक ॲप्स अमेरिकन कंपन्यांची, त्यांचं घर व्हर्जिनियात. शिवाय एडब्ल्यूएसची काही जागतिक कामंही त्याच रीजनवर टेकलेली आहेत. अमेरिकेत एट स्लीप नावाच्या कंपनीचे इंटरनेटवर चालणारे महागडे बेड त्या रात्री लोकांना थंड-गरम करता येईनात, काही बेड वाकलेले ते वाकलेलेच राहिले. गादीला सर्व्हर कशाला लागतो, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

१८ नोव्हेंबर: व्हेअर विसरला, डबा उघडला

क्लाउडफ्लेअर म्हणजे वेबसाइटच्या दारातला वॉचमन. तुमची विनंती आधी त्यांच्याकडे जाते. तुम्ही माणूस आहात की बॉट, हल्ला करताय की नुसतं वाचताय, हे बघून ते तुम्हाला आत सोडतात. जगातल्या साधारण पाचपैकी एक वेबसाइट त्यांच्यामागे उभी असते असं म्हणतात. वॉचमनच चक्कर येऊन पडला तर आतलं दुकान चालू असूनही कोणाला आत जाता येत नाही.

बॉट ओळखण्यासाठी त्यांची एक फाइल असते. त्यात बॉटची लक्षणं असतात. ती दर पाच मिनिटांनी नव्याने बनते आणि जगभरच्या त्यांच्या सर्व्हरवर जाते. लक्षणांची यादी एका डेटाबेसला विचारून तयार होते. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये बदल केला, तोही सुरक्षा सुधारण्यासाठी. आणि यादी अचानक फुगली.

समजा तुम्ही कॉलेजच्या सिस्टीमला विचारता, ‘जोशी आडनावाच्या विद्यार्थ्यांची यादी दे.’ तुम्हाला फक्त तुमची तुकडी बघायची परवानगी आहे, म्हणून तीन नावं येतात. तुकडी कोणती हे तुम्ही क्वेरीत लिहिलेलंच नाही, गरज पडली नाही. एक दिवस कोणीतरी तुम्हाला सगळ्या तुकड्या बघायची परवानगी देतं. क्वेरी तीच, पण आता ढीगभर जोशी. क्लाउडफ्लेअरच्या क्वेरीत टेबलचं नाव होतं, डेटाबेस कोणता ते नव्हतं. नव्या परवानगीने दुसऱ्या एका डेटाबेसमधले तेच कॉलमही दिसू लागले आणि यादीत त्याच गोष्टी पुन्हा आल्या. व्हेअरमधली एक अट कमी.

इथपर्यंत तरी फार बिघडलं नव्हतं. खरा घोळ फाइल वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये झाला. त्यांनी आधीच ठरवलं होतं की लक्षणं २०० पेक्षा जास्त कधी होणार नाहीत. नेहमी वापरात सुमारे ६० असायची, म्हणजे तिप्पट जागा सोडलेली. मेमरी आधीच राखून ठेवली की प्रोग्रॅम वेगाने चालतो, यात चूक काहीच नाही. पण २०१ वं आलं तर काय करायचं?

हा प्रोग्रॅम रस्ट भाषेतला होता. सी भाषेत तुम्ही ॲरेच्या बाहेर लिहिलंत तर ती गुपचूप शेजारच्या मेमरीत लिहून मोकळी होते आणि पुढे कुठेतरी भलतंच काही फुटतं. रस्ट असं करू देत नाही. रस्टमध्ये एखादं काम फसू शकत असेल तर त्याचं उत्तर बंद डब्यात येतं. आत माल असेल किंवा आत चूक असेल. आधी बघा, मग पुढे जा. पण एक शॉर्टकट आहे, अनरॅप. त्याचा अर्थ, ‘बघत बसू नकोस, आत माल आहेच, काढ बाहेर.’ आणि आत चूक निघाली तर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो. १८ नोव्हेंबरला डब्यात चूक होती. संध्याकाळी सुमारे ४.५० पासून जगभर ५०० क्रमांकाचे एरर दिसायला लागले.

यादी मोठी आली तर जुनी फाइल वापरत राहा आणि कोणालातरी कळवा, एवढं लिहिलेलं असतं तर आपल्यापैकी कोणाला काही कळलंही नसतं. फाइल त्यांच्याच घरातून आली होती म्हणून तिच्यावर शंका घेतली गेली नाही. युजरने फॉर्ममध्ये काय भरलं ते तपासायचं असतं, हे सगळे शिकवतात. आपल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमने काय पाठवलं तेही तपासायचं असतं, हे फार कमी जण शिकवतात.

सुरुवातीला त्यांना स्वतःलाही हा हल्लाच वाटला, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. परवानग्यांचा बदल डेटाबेसच्या सगळ्या मशीनवर एकदम गेला नव्हता, हळूहळू जात होता. त्यामुळे दर पाच मिनिटांनी बनणारी फाइल कधी चांगली निघायची, कधी वाईट. इंटरनेट पडायचं, उठायचं, परत पडायचं. त्यात योगायोगाने त्यांचं स्टेटस पेजही बंद पडलं, जे त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर नाहीच. अशा वेळी कोणालाही हल्ल्याचा संशय येईल. अधूनमधून दिसणारा बग शोधणं का अवघड असतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. रात्री ८ पर्यंत बरंचसं सुरळीत झालं, पूर्ण व्हायला साडेदहा वाजून गेले.

५ डिसेंबर: जे नाही, त्याला विचारलं

तिसरी घटना छोटी. शुक्रवार, दुपारी २ वाजून १७ मिनिटांपासून साधारण २५ मिनिटं. पण क्लाउडफ्लेअरच्या वेब ट्रॅफिकपैकी सुमारे २८ टक्के भाग त्यात सापडला आणि बाजार चालू होता. ज्यांनी इंट्राडे पोझिशन घेतली होती त्यांच्यासाठी २५ मिनिटं म्हणजे फार झाली. बाजार साडेतीनला बंद होतो. भाव खाली जातोय आणि विकायचं बटणच नाही.

रिॲक्टशी संबंधित एक गंभीर सुरक्षा-त्रुटी तेव्हा नुकतीच बाहेर आली होती. तिच्यापासून ग्राहकांना वाचवण्यासाठी क्लाउडफ्लेअर घाईने बदल करत होतं. त्यात त्यांनी आपलं एक अंतर्गत टेस्टिंग टूल बंद केलं. ते बंद झाल्यावर एक नियम वगळला गेला, त्यामुळे त्या नियमाचा जो ऑब्जेक्ट तयार व्हायचा तो तयारच झाला नाही. पुढचा कोड मात्र तो असणारच असं धरून त्याच्या आतली माहिती मागायला गेला. लुआ भाषेत याला निल म्हणतात, जावात नल, पायथॉनमध्ये नन. तुम्ही जावा शिकत असाल तर नल पॉइंटर एक्सेप्शन तुमच्या ओळखीचाच आहे. हीच ती चूक. टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६५ मध्ये नल शोधला आणि २००९ मध्ये जाहीरपणे सांगितलं की ती आपली अब्ज डॉलरची चूक होती.

क्लाउडफ्लेअरने मान्य केलं की ही चूक त्यांच्या कोडमध्ये कित्येक वर्षं पडून होती. हा जुना लुआ कोड होता. नोव्हेंबरमध्ये कोलमडला तो नवा रस्ट कोड. त्यामुळे ‘अमुक भाषा वापरली असती तर’ या भांडणात मला फारसा रस नाही. रस्टमध्ये डिसेंबरची चूक झाली नसती हे खरं, पण नोव्हेंबरची रस्टमध्येच झाली.

झिरोधाने त्या दिवशी ग्राहकांना व्हॉट्सॲपवरचा पर्यायी मार्ग वापरायला सांगितलं. वेबसाइट आणि ॲप एका वॉचमनमागे, पण व्हॉट्सॲप दुसऱ्याच रस्त्याने येतं. नेटवर्किंगमध्ये ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ शिकवतात, त्यावरचं हे देशी उत्तर मला आवडलं. आपले सर्व्हर आपल्याच देशात हवेत असंही या निमित्ताने बरेच जण म्हणाले. त्याला वेगळी कारणं असू शकतात. पण रेस कंडिशनला पासपोर्ट लागत नाही, ती हिंजवडीतही होईल.

तुमच्या फोनवरचा एरर काय सांगतो

१८ नोव्हेंबरला चॅटजीपीटी उघडल्यावर अनेकांना ‘पुढे जाण्यासाठी चॅलेंजेस डॉट क्लाउडफ्लेअर डॉट कॉम अनब्लॉक करा’ अशा अर्थाचा मेसेज दिसत होता. हे वाचून कोणालाही वाटेल की आपणच काहीतरी ब्लॉक केलंय. मग ॲड ब्लॉकर काढा, व्हीपीएन बंद करा, ब्राउझर पुन्हा टाका, फोन रीसेट करा. बिचाऱ्या फोनचा काही दोष नव्हता. म्हणून एवढं लक्षात ठेवा.

क्रोममध्ये डायनॉसॉर दिसला तर तुमचं नेट गेलंय. एररमध्ये डीएनएस हा शब्द आणि शेवटी एनएक्सडोमेन असेल तर नावामागचा पत्ता सापडत नाहीये. आधी स्पेलिंग बघा. दुसऱ्या साइटही तशाच अडकत असतील तर अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस शोधा आणि दुसरा डीएनएस देऊन बघा. पण पत्ता मूळ ठिकाणीच पुसला गेला असेल, जसा २० ऑक्टोबरला, तर डीएनएस बदलून काही होणार नाही. ४ ने सुरू होणारा आकडा, जसा ४०४ किंवा ४०३, म्हणजे तुम्ही मागितलेलं पान तिथे नाही किंवा तुम्हाला परवानगी नाही. ५ ने सुरू होणारा म्हणजे घोळ त्यांच्याकडे आहे. क्लाउडफ्लेअरचं एरर पान तर चित्रच काढून दाखवतं: तुमचा ब्राउझर, मध्ये क्लाउडफ्लेअर, शेवटी मूळ सर्व्हर, आणि ज्याच्याकडे बिघाड त्याच्यावर फुली. त्या संध्याकाळी फुली मधल्या चित्रावर होती. अशा वेळी फोन खाली ठेवून चहा घ्या, आणि पेमेंट अर्धवट असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका.

एआय आहे ना?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. एआय कोड देतो आणि तो बहुतेक वेळा चालतो. या तिन्ही घटनांमधला कोडही चालतच होता, काही तर वर्षानुवर्षं. ‘चालतोय का’ हा प्रश्न विचारून यातला एकही बग सापडला नसता. ‘दोघं एकदम आले तर?’, ‘यादी दुप्पट झाली तर?’, ‘हे नसेलच तर?’ हे प्रश्न विचारावे लागतात. एआयला विचारले तर तोही उत्तरं देतो, बऱ्याचदा चांगली देतो. पण हे प्रश्न आहेत हे तुम्हाला आधी माहीत असावं लागतं. इंटरव्ह्यूमध्ये डीएनएस म्हणजे काय विचारलं आणि उमेदवार फक्त लाँग फॉर्म सांगून थांबला, तर समोरच्याला जे कळायचं ते कळतं. ‘तीन महिन्यांत फुल स्टॅक’ असे कोर्स हजारो रुपये घेतात आणि नेमका हाच भाग गाळतात, कारण त्याचा डेमो दाखवता येत नाही.

तरी एका गोष्टीचा डेमो होतो आणि तो तुम्ही फोनवरच्या कोणत्याही ऑनलाइन कंपायलरमध्ये करू शकता. जावामध्ये शून्यापासून सुरू होणारा एक सामायिक काउंटर घ्या. दोन थ्रेड बनवा. प्रत्येकाने त्या काउंटरमध्ये एक लाख वेळा १ मिळवायचा. दोघं संपले की काउंटर छापा. उत्तर दोन लाख यायला हवं. प्रोग्रॅम चार-पाच वेळा चालवा, एकही अक्षर न बदलता, आणि येणारे आकडे एकाखाली एक लिहून ठेवा. मग मिळवणारी ओळ सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये टाका, दोन्ही थ्रेडना एकच लॉक द्या आणि पुन्हा चालवा. आकडे काय आले ते कमेंटमध्ये टाका, मला बघायचे आहेत.